बावन्नातून सत्तावीस: तिसरीच्या वर्गातला एक आठवडा

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतलं हे प्रकरण आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन खोल्या, एक व्हरांडा. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढले आहेत. मी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना अध्यापनात मदत करणारा, आहे. त्या आठवड्यात काही तास मी वर्गात बसलो होतो. बाकीचं तिसरी-चौथीच्या बाईंच्या टाचणवहीतून (पाठांच्या नियोजनाच्या वहीतून), मुलांच्या वह्यांतून आणि नंतरच्या बोलण्यातून जुळवलं आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने प्राथमिक वर्गांत साठपर्यंत पट असला की दोन शिक्षक मिळतात. कागदावर ते पुरेसे वाटतात. प्रत्यक्षात इथं मुख्याध्यापक गुरुजींकडे पहिली-दुसरी आणि त्यासोबत पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदींची) माहिती आणि वरून येणारे सगळे फोन असतात. बाईंकडे एकाच खोलीत तिसरीची अकरा आणि चौथीची नऊ मुलं. एका भिंतीला तिसरीचा फळा, समोरच्या भिंतीला चौथीचा. मुलं एकमेकांकडे पाठ करून बसतात आणि बाई मधल्या पट्टीत फिरतात.

गाव ऊसतोडीचं आहे. दसरा-दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून कारखान्याच्या हद्दीत जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. काही मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडात जातात. याचा गणिताशी थेट संबंध आहे. दशक सुटा करून करायची वजाबाकी या शाळेत दुसरीच्या दुसऱ्या सत्रात शिकवली जाते, म्हणजे नेमकी जेव्हा वर्ग अर्धा रिकामा असतो तेव्हा. तिसरीच्या अकरापैकी चार मुलांनी तो धडा वर्गात बसून ऐकलेलाच नव्हता.

हा आठवडा ऑगस्टमधला. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी कार्यक्रमाच्या लक्ष्यांनुसार ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी दुसरीअखेर यायला हवी. म्हणून बाईंच्या टाचणात त्या आठवड्यासाठी तिसरीला तीन अंकी वजाबाकी होती आणि चौथीला भूमिती.

अडचण

सोमवारी तीन अंकींकडे वळण्याआधी बाईंनी उजळणी म्हणून फळ्यावर दोन अंकी पाच गणितं लिहिली. त्यातलं एक ५२ – २७. चौथीच्या मुलांनाही तीच सोडवायला सांगितली, का तर चौथीचा फळा तेवढा वेळ मोकळा होता. हा योगायोग पुढे उपयोगी पडला.

तिसरीत तिघांचं उत्तर २५ आलं. सहा जणांनी ३५ लिहिलं होतं. एकाने १५. एकाने सरळ बेरीज करून ७९. चौथीतही तीन वह्यांमध्ये ३५ सापडलं, आणि ही मुलं वर्षभर तीन अंकी वजाबाक्या करत वर आली होती.

सहा मुलांचं एकच चुकीचं उत्तर यावं हे पाहून बाईंना आधी नक्कल झाल्याचा संशय आला. पण ते सहाही वेगवेगळ्या रांगांत बसले होते आणि उरलेल्या चार गणितांतही त्यांचा ढंग तोच होता. मग त्यांनी एका मुलीला जवळ बोलावलं आणि तिची वही तपासायच्या ऐवजी विचारलं, "कसं केलंस, बोलून दाखव."

"सातातून दोन गेले, राहिले पाच. पाचातून दोन गेले, राहिले तीन. पस्तीस."

"अगं, पण वर दोन आहेत ना? दोनातून सात काढायचेत."

"लहानातून मोठं जात नाही, बाई. मोठ्यातूनच लहान जातं."

हे तिचं स्वतःचं म्हणणं नव्हतं. तिला शाळेनेच ते शिकवलं होतं. पहिलीत वजाबाकी मांडताना प्रत्येक शिक्षक सांगतो की मोठी संख्या वर, लहान खाली, मोठ्यातून लहान वजा करायची. पूर्ण संख्येबद्दल सांगितलेला नियम तिने एकक-दशकाच्या प्रत्येक घराला लावला. तिच्या दृष्टीने ती नियम पाळत होती, आणि लाल रेघ मात्र तिच्याच वहीत पडत होती. या चुकीला जुना इतिहास आहे. ब्राउन आणि बर्टन या अभ्यासकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या पद्धतशीर चुकांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढणं ही त्या प्रकारातली नेहमी दिसणारी चूक. म्हणजे बीडची मुलं काही जगावेगळं करत नव्हती.

अडचण थोडक्यात अशी होती: टाचण तीन अंकींचं, वर्गातल्या आठ जणांना दोन अंकी येत नाही, आणि दिवाळीनंतर त्यातले काही जण वर्गात असणारच नाहीत.

कोणते पर्याय होते

सोमवारी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून यावर बोलणं झालं. गुरुजीही होते.

गुरुजींचं म्हणणं, पुढं चला. तीन अंकीत हातचा येतोच, तिथं दोन अंकीची आपोआप उजळणी होईल. मागे फिरलं तर अभ्यासक्रम मागे पडतो आणि केंद्रप्रमुख पहिल्यांदा तेच विचारतात. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पण चौथीच्या त्या तीन वह्या समोर होत्या. ती मुलं पुढं गेली होती आणि चूक त्यांच्याबरोबर पुढं गेली होती.

दुसरा पर्याय सगळ्यांत स्वस्त. शेजाऱ्याकडून उसना घ्यायची युक्ती फळ्यावर दाखवायची आणि रोज वीस गणितं घालायची. चार दिवसांत उत्तरं बरोबर यायला लागतात, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेलं आहे. महिन्याभराने काय होतं तेही पाहिलेलं आहे.

तिसरा, शाळा सुटल्यावर आठ जणांना वेगळं बसवायचं. पण मुलींना घरी पाणी भरायचं असतं, दोघं वस्तीवरून चालत येतात. हा पर्याय बोलण्यातच मागे पडला.

बाईंनी ठरवलं ते असं. इयत्ता बाजूला ठेवून गणिताच्या तासाला गट करायचे. तिसरीची आठ आणि चौथीची तीन एकत्र, दशक-सुट्यांपासून. उरलेली मुलं तीन अंकींवर, बरीचशी आपापली. आठवडाभरच, आणि शनिवारी पुन्हा चाचणी. माझ्या मते या आठवड्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता. त्याची किंमतही होती: परिसर अभ्यासाचे तीन तास गणिताने खाल्ले आणि चौथीची भूमिती पुढच्या आठवड्यात गेली.

आठवडा कसा गेला

*मंगळवार.* पहिला प्रश्न साहित्याचा. कपाटात गणिताची पेटी आहे, तिच्यात सुटे मणी-ठोकळे आणि दशकाचे दांडे. रंगीत, नीटस. बाईंनी ती काढली आणि परत ठेवली. दशकाचा दांडा फोडता येत नाही. तो देऊन दहा सुटे बदलून घ्यावे लागतात, आणि ज्या मुलाला दशक म्हणजे दहाच सुटे हे पक्कं नाही त्याला ती अदलाबदल जादूसारखी वाटते. त्याऐवजी मुलांना तुराट्या आणायला सांगितल्या. बोटाएवढे तुकडे, दहाचा गठ्ठा, वर रबर. रबर काढलं की गठ्ठा मुलाच्या डोळ्यांदेखत सुटतो.

पाच गठ्ठे, दोन सुटे. त्यातून सत्तावीस काढून दे. सगळ्यांनी आधी दोन गठ्ठे उचलले आणि मग अडले. सात सुटे हवेत, आहेत दोन. एका मुलाने काही न विचारता एका गठ्ठ्याचं रबर ओढलं. बाकीच्यांनी पाहिलं. पाच मिनिटांत अकराही जणांसमोर दोन गठ्ठे आणि पाच सुटे होते.

बाई खूश होऊन म्हणाल्या, आता हेच वहीत मांडा. सात वह्यांत पुन्हा ३५.

सोमवारच्याच मुलीला विचारलं, काड्यांनी किती आले? पंचवीस. वहीत किती? पस्तीस. मग बरोबर कोणतं? ती जराही गोंधळली नाही. "दोन्ही. ते काड्यांचं आहे, हे वहीचं."

प्रशिक्षणांत आम्ही साधनव्यक्ती मंडळी मूर्ताकडून अमूर्ताकडे असं म्हणत असतो, जणू काही तिथून उतार आहे आणि मूल घसरत आपोआप खाली येतं. इथं तसा उतार नव्हता. काड्यांचं काम आणि वहीतली मांडणी या तिच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि त्यांची उत्तरं जुळलीच पाहिजेत असं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

*बुधवार.* केंद्रशाळेत शिक्षण परिषद. बाई दिवसभर बाहेर, चारही वर्ग गुरुजींकडे. जाण्याआधी बाईंनी जोड्या लावून दिल्या: एकाने काड्या हलवायच्या, दुसऱ्याने प्रत्येक हालचालीनंतर वहीत काय बदललं ते लिहायचं. गठ्ठा सोडला की लगेच पाचावर काट, वर चार; दोनाच्या जागी बारा. कल्पना चांगली होती.

अकराच्या सुमारास गुरुजींना वाटलं की मुलं काड्यांशी खेळत बसली आहेत. पहिलीची मुलं एका बाजूला रडत होती, पोषण आहाराचा तांदूळ उतरवायला टेम्पो आला होता. त्यांनी फळ्यावर उसना घ्यायची रीत दाखवली आणि दहा गणितं लिहून दिली. चार वर्ग एका माणसाच्या अंगावर पडल्यावर मीही बहुधा तेच केलं असतं.

परिषदेत बाईंनी मधल्या सुट्टीत या वह्यांचा विषय काढला. एका शिक्षकाचं मत पडलं की मूळ दोष संख्यांच्या नावांत आहे. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी आणि वीस नंतर येतात, म्हणून मुलांची घरं उलटीपालटी होतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत आल्यावर जो गदारोळ झाला होता तो सगळ्यांना आठवला, आणि चहा संपेपर्यंत चर्चा तिकडेच गेली. बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दहा संख्या तोंडी सांगून लिहून घेतल्या. अकरापैकी दहा जणांनी सगळ्या बरोबर लिहिल्या. अडचण नावांत नव्हती, हे ठरवायला पाच मिनिटं पुरली. (अकरावा मुलगा कोण, ते पुढे येईल.)

*गुरुवार.* बुधवारच्या वह्या उघडल्या तर नवीनच उत्तर. ६८ – २३ = ३१५. एकाने नव्हे, चौघांनी. सहावर काट मारून पाच, आठाचे अठरा, अठरातून तीन गेले पंधरा, पाचातून दोन गेले तीन. प्रत्येक पायरी गुरुजींनी दाखवली तशीच. फक्त या गणितात उसनं घ्यायची गरजच नव्हती. युक्ती हाती आली होती, ती कधी वापरायची हे आलं नव्हतं.

बाईंनी त्या दिवशी गणितं सोडवूनच घेतली नाहीत. फळ्यावर बारा वजाबाक्या लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे एवढंच ठरवायला सांगितलं: गठ्ठा सोडावा लागेल की नाही? हो असेल तर बरोबरची खूण, नाही तर फुली. उत्तर काढायचं नाही. वर्गात बसून पाहताना मला हा तास आठवड्यातला सर्वांत चांगला वाटला. उत्तराची घाई गेल्यावर मुलं संख्यांकडे बघायला लागली. "आठ सुटे हायेत, तीनच काढायचेत, कशाला सोडायचा?" हे ३१५ लिहिणाऱ्यांपैकीच एक मुलगा म्हणाला.

मग १५ लिहिणाऱ्या मुलाचं कोडं सुटलं. त्याची वही चौघांनी पाहिली होती आणि चौघांनी ‘निष्काळजी’ म्हणून सोडून दिली होती. त्याला बोलून दाखवायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पाचाचे चार केले. बारातून सात गेले पाच. हातचा एक. दोन आन एक तीन. चारातून तीन गेले एक."

हातचा एक कुठून आला? तर घरून. आईबाप हंगामाला गेले की हा आजोबांकडे असतो आणि अभ्यास आजोबाच घेतात. ते दुपारी नातवाला न्यायला आले तेव्हा बाईंनी त्यांना वर्गात बोलावलं आणि पाटी पुढे केली. आजोबांनी उभ्यानेच केलं: "दोनातून सात जात नाहीत. बारातून सात गेले पाच, हातचा एक. दोन आन एक तीन. पाचातून तीन गेले दोन. पंचवीस. चुकलं का काय, बाई? आमच्या टायमाला आसंच होतं."

"नाही आबा, बरोबर आहे. अगदी बरोबर आहे."

ही जुनी रीत. वरचा दशक सोडायचा नाही. वरच्या संख्येत दहा सुटे वाढवायचे आणि खालच्या संख्येत एक दशक वाढवायचा. दोन्हीकडे दहाच वाढले, म्हणून फरक तोच राहतो: ६२ – ३७ काय आणि ५२ – २७ काय. पोरगा शाळेच्या रीतीने वरून एक काढत होता आणि घरच्या रीतीने खाली एक घालत होता. दोन बरोबर रीतींची सरमिसळ होऊन उत्तर दहाने कमी येत होतं.

आता काय करायचं? आजोबांना सांगायचं की ही रीत बंद करा? पुस्तकातली रीत वेगळी आहे आणि परीक्षेत मांडणी पाहतात, असं चौथीच्या एका पालकाला पूर्वी सांगून झालंही होतं. बाईंनी इथं वेगळा निर्णय घेतला. मुलाला सांगितलं, दोन्ही रीती खऱ्या आहेत, पण एका गणितात एकच. वरच्यावर काट मारलीस तर हातचा नाही, हातचा घेतलास तर काट नाही. आणि आजोबांना विनंती केली की तुमच्याच रीतीने घ्या, फक्त मध्येच शाळेची मिसळू देऊ नका. मुलाने आजोबांची रीत निवडली. हंगामात सहा महिने ज्या माणसाजवळ तो बसणार आहे, त्याच्या हातातली रीत खोडून टाकण्यात शहाणपण नव्हतं.

*शुक्रवार.* मंगळवारपासून अडलेला प्रश्न तसाच होता: काड्यांचं पंचवीस आणि वहीचं पस्तीस. बाईंनी या दिवशी ताळा घ्यायला लावला. उत्तर आणि वजा केलेली संख्या मिळवा, वरची संख्या यायला हवी. बेरीज या मुलांना पक्की येते. त्या मुलीने ३५ आणि २७ मिळवले, ६२ आले. तिने पुन्हा मिळवले. मग काही न बोलता वही वळवली, गठ्ठे जवळ ओढले आणि एकेक हालचाल वहीशी लावून बघू लागली. "धा जास्त झाले," एवढं म्हणाली. तिच्यावर काड्यांचा जो परिणाम झाला नव्हता तो तिला येणाऱ्याच बेरजेने झाला. वहीतलं उत्तर वहीतच खोटं ठरल्याशिवाय ती काड्यांकडे वळणार नव्हती.

नंतर बाईंनी ५२ – २७ साठी मुलांनाच गोष्टी तयार करायला सांगितल्या. बोरं, शेळ्या, एसटीचं तिकीट. मग चौथीतल्या एकाने सांगितली: "पप्पांनी बावन्न हजार उचल घेतली, सत्तावीस हजार फिटले. किती राहिली?" वर्गात उचल हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा. बाई क्षणभर थांबल्या. घरचं कर्ज फळ्यावर मांडावं का? त्यांनी ‘पप्पांनी’ च्या जागी ‘एका कोयत्याने’ असं केलं आणि गणित लिहिलं. तेवढ्यात मागून तोच मुलगा म्हणाला, "पस्तीस म्हणलं तर मुकादम धा हजार जास्त कापील की." सगळे हसले. मी असतो तर कदाचित ती गोष्ट टाळली असती. पण बाईंनी जे केलं ते मला योग्य वाटतं. नाव काढलं, गणित ठेवलं, आणि लगेच पुढची गोष्ट घेतली. उचलीवर भाषण दिलं नाही.

*शनिवार.* सकाळची शाळा. पाच गणितांची चिठ्ठी: ७१ – ३८, ६४ – २९, ८५ – ४२, ५० – २६, ९३ – ५७. तिसरं मुद्दाम, गरज नसताना गठ्ठा सुटतो का ते बघायला.

काय निष्पन्न झालं

तिसरीची दहा मुलं हजर होती. सात जणांची चार किंवा पाच गणितं बरोबर आली. दोघांनी एक-दोन ठिकाणी जुन्या सवयीने मोठ्यातून लहान काढलं, पण ताळा घ्या म्हटल्यावर स्वतःच दुरुस्त केलं. ८५ – ४२ मध्ये कुणीही उसनं घेतलं नाही. चौथीच्या तिघांपैकी दोघं सुटले, एक मधूनमधून घसरतो. आजोबांच्या नातवाची पाचही बरोबर, जुन्या रीतीने.

सर्वांत जास्त चुका ५० – २६ मध्ये. उत्तर २४ यायला हवं, मुलांनी लिहिलं ३६. शून्यातून सहा काढायचे तर मुलांना ‘शून्य म्हणजे काहीच नाही, मग सहा तसेच’ असं वाटतं. काड्यांच्या तासांत शून्य सुटे असलेली संख्या एकदाही आली नव्हती. तीन आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा बाकीचं टिकलं होतं आणि शून्याची अडचण तशीच होती. तीन अंकीत, ४०३ – १५८ सारख्या ठिकाणी, ती दुप्पट झाली. तिथं बाईंनी शंभर आणि दहाच्या खेळण्यातल्या नोटा वापरल्या. दहाची नोट नाही, मग शंभरची मोडायची आणि त्यातली एक दहाची पुन्हा मोडायची. दुकानात मोड आणायला गेलेल्या मुलांना हे पटकन कळलं.

७९ लिहिणारा मुलगा मात्र आठवड्याच्या शेवटी जिथं होता तिथंच होता. संख्या ऐकून लिहिताना चुकणाराही तोच. त्याला वजाबाकीच्या आधीचं, म्हणजे दहापुढची मोजणीच पक्की नाही. गटात बसून तो शेजाऱ्याच्या काड्या बघून आपल्या हलवत राहिला, आणि सगळ्यांसमोर दोन गठ्ठे पाच सुटे दिसले त्या मंगळवारी त्याच्याही समोर दिसले. त्या यशाच्या आकड्यात तो झाकला गेला. दुसरीतले पाच महिने तो फडात होता. पुढच्या आठवड्यापासून बाईंनी त्याला रोज पहिल्या तासाला गुरुजींच्या वर्गात, दुसरीच्या मुलांबरोबर मोजणीसाठी बसवायला सुरुवात केली. त्याला ते आवडलं नाही.

तीन अंकी वजाबाकी ठरल्यापेक्षा आठवड्याने उशिरा सुरू झाली. केंद्रप्रमुखांनी विचारलंच. बाईंनी सोमवारची आणि शनिवारची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून दाखवली, आणि विषय तिथं संपला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट वेळेची. ही पाच गणितं जूनमध्ये, शाळा उघडल्यावर घालता आली असती. हंगामाहून परतलेली मुलं उन्हाळा घरी काढून आलेली असतात. कुणाचं काय सुटलं हे कळायला ऑगस्ट उजाडायला नको होता. पायाभूत चाचण्या घेतल्या जातात, पण त्यांतून गुण कळतात. ३५ आणि १५ या दोन्हींना शून्य गुण मिळतात आणि दोघांचा इलाज अगदी वेगळा आहे.

ताळा मंगळवारीच घ्यायला हवा होता. काड्या आधी आणि ताळा शेवटी हा क्रम आपल्या सवयीचा; निदान या वर्गात तो उलटा असता तर तीन दिवस वाचले असते असं मला वाटतं. बाईंना हे पूर्ण मान्य नाही. त्यांच्या मते गठ्ठ्यांचा अनुभव आधी नसता तर ६२ पाहून मुलगी फक्त हिरमुसली असती, पुढं काय करायचं ते तिला सुचलं नसतं. त्यांचं म्हणणं चूक आहे असं मी सिद्ध करू शकत नाही.

बुधवारचं टाळता आलं असतं का? बाईंनी जोड्यांचं काम मुलांना समजावलं होतं, गुरुजींना नाही. टाचणवहीत ‘हातच्याची वजाबाकी, कृती’ एवढंच होतं. उसना हा शब्द आज वापरू नका, गठ्ठा सोडणं एवढंच म्हणा, असं दोन ओळींत लिहून ठेवलं असतं तर ३१५ आलं नसतं. अर्थात मग गुरुवारचा तो खूण-फुलीचा तासही झाला नसता.

ज्या तिघांना सोमवारीच येत होतं त्यांच्याकडे आठवडाभर फारसं कुणी पाहिलं नाही. त्यातली एक गावातल्या किराणा दुकानाची मुलगी. तिची वही मी चाळली तर ५२ – २७ पुढे मांडणीच नव्हती, नुसतं उत्तर. विचारलं तर म्हणाली, सत्तावीसचे तीस व्हायला तीन, तिसाचे बावन्न व्हायला बावीस, झाले पंचवीस. गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला पैसे परत देताना असंच मोजतात. ही तिसरी रीत वर्गात होती आणि फळ्यावर आली नाही. ५० – २६ ला, जिथं बाकीचे अडखळले, तिथं ती सर्वांत सोपी पडली असती: सव्वीसचे तीस व्हायला चार, तिसाचे पन्नास व्हायला वीस.

भाषेबद्दल एक गोष्ट शाळेत ठरली. ‘लहानातून मोठं जात नाही’ हे वाक्य पहिली-दुसरीत वापरायचं नाही. त्याऐवजी ‘सुटे पुरत नाहीत’ म्हणायचं. गुरुजींनी दुसरीत ते सुरू केलं आहे. सवयीने जुनं वाक्य तोंडात येतं आणि आता दुसरीची मुलंच त्यांना टोकतात.

दिवाळीच्या सुमारास तिसरीतली तीन मुलं आईबापांबरोबर गेली. स्थलांतराला जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात, त्यात इयत्ता आणि विषयवार प्रगती भरायची असते. बाईंनी प्रत्येक कार्डाला वहीचं एक पान टाचलं. एकावर लिहिलं होतं: "दोन अंकी वजाबाकी येते, ताळा घ्यायला लावा. सुट्यांच्या घरात शून्य आलं की चुकतो." दुसऱ्यावर: "उसना हा शब्द वापरू नका. गठ्ठा म्हणा, लगेच कळतं." तिसरं पान ७९ लिहिणाऱ्या मुलाचं, आणि ते दोन्ही बाजूंनी भरलं होतं.